गावातली एक आजी

माझ्या आईला लोकर कातता येत नाही. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण गेल्या अठरा वर्षांत दोनेक हजार लोकांच्या फोनमध्ये तिचा लोकर कातताना फोटो जाऊन बसलाय, आणि त्यातल्या काहींच्या खाली 'पिढ्यान् पिढ्या चालत आलेली कला' असं लिहिलेलंही मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय. कसल्या पिढ्या आणि कसली कला! बावन्नाव्या वर्षी शेजारच्या काकूंकडून चार दिवसांत टकळी फिरवायला शिकली. धागा वीतभर निघाला की तुटतो. तुटला की ती मान खाली घालून हसते आणि पाहुणे म्हणतात, किती लाजाळू आहेत हो आजी. पाहुणे गेले की धागा सोडायचा, लोकर परत पिंजून डब्यात ठेवायची. पुढच्या ग्रुपला तीच लोकर.

मी गाईड आहे. उंच डोंगरांवर लोकांना नेतो आणि देवाच्या कृपेनं आत्तापर्यंत सगळ्यांना परत आणलंय. आमचं काम चढवण्याचं कमी आणि थांबवण्याचं जास्त. शहरातून आलेल्या माणसाला एकदम वर नेलं तर विरळ हवेनं तो दोन दिवसांत आडवा होतो. म्हणून टप्प्याटप्प्यानं न्यायचं. एक दिवस चढ, एक दिवस मुक्काम. मुक्कामाच्या दिवशी सकाळी त्याला आणखी चारशे मीटर वर न्यायचं, तिथली हवा चाखवायची आणि रात्री खाली आणून झोपवायचं. दुपारी मात्र झोपू द्यायचं नाही, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि उठल्यावर डोकं धरतं. मग हे दहा-बारा लोक दुपारभर करणार काय? मोहिमा काढणाऱ्या आमच्या कंपनीच्या ऑफिसनं त्यावर तोडगा काढला. कार्यक्रमात टाकलं, 'स्थानिक जीवनाची ओळख'. पहिल्या गावात जुनी पाणचक्की बघायची. दुसऱ्या गावात, चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता, 'एका वृद्ध स्त्रीच्या पारंपरिक घरात चहा'.

ती वृद्ध स्त्री म्हणजे माझी आई आणि ते घर म्हणजे माझं घर. हे पाहुण्यांना माहीत नसतं.

तिला खरं काय येत होतं ते सांगतो. ती ओझी वाहायची. मी सहा वर्षांचा असताना खालच्या पुलापाशी दरड कोसळली आणि माझे वडील गेले. तेही ओझीवालेच. महिन्याभरानं आई त्यांची कपाळपट्टी घेऊन मुकादमापुढे उभी राहिली. मुकादम म्हणाला, "वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाही." आईनं समोरची तीस किलोची पेटी पाठीवर घेतली, पट्टी कपाळाला लावली आणि चालायला लागली. मुकादम मागून ओरडत राहिला, "अहो, ती पेटी आज न्यायची नाहीये!" हे सांगताना ती अजूनही पोट धरून हसते. सोळा वर्षं तिनं मोहिमांची ओझी वाहिली. बेस कॅम्पपर्यंतच्या खेपांना तर गणतीच नाही. दोनदा बर्फावरच्या पहिल्या कॅम्पपर्यंत गेली, दुसऱ्याच कुणाचे तरी दोन नंबर मोठे बूट घालून, पुढे मोज्यांचे बोळे कोंबून. तिच्या कपाळावर आडवा खळगा आहे, तो त्या पट्टीचा. पाहुण्यांना वाटतं सुरकुती.

मोहिमेच्या पहिल्या संध्याकाळी मी ग्रुपपुढे भाषण करतो. डोंगराला घाई दाखवू नका. बोलता येणार नाही इतक्या वेगानं चालू नका. आपण उंचावर आलो हे पायांना लगेच कळतं, रक्ताला कळायला दोन दिवस लागतात. जेवण नकोसं झालं तर मला सांगा, लपवू नका, डोंगरावर लपवणारा माणूस पहिला पडतो. लोक वहीत उतरवून घेतात. कुणीतरी विचारतंच, "हे सगळं कुठे शिकलात?" मी म्हणतो, "अनुभव." शब्दन् शब्द आईचा, आणि म्हणे अनुभव!

आता हे खोटं सुरू कसं झालं? काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, सांगायला तोंड तरी राहिलं असतं. पंचविसाव्या वर्षी मला पहिला स्वतःचा ग्रुप मिळाला. नवा बिल्ला, नवं जॅकेट, आणि वाटेत मारलेल्या बढाया. कुणीतरी सहज विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हणालो, "आई असते. शहरात, शाळेत शिकवते." समोर सगळे डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक. माझ्या तोंडून 'ओझी वाहायची' हे निघेना. आणि नशीब बघा, चौथ्या दिवशी ज्या घरी चहा ठरला होता त्या घराला कुलूप. पाहुणे बाहेर ताटकळले. तेवढ्यात शेजारचं दार उघडून एक बाई बाहेर आली, कोपरावर फाटलेला स्वेटर, हाताला राख, आणि म्हणाली, "थंडीत कशाला उभे? या ना, चहा ठेवते." एक प्राध्यापकबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "किती अस्सल! कोण हो ह्या?"

"गावातली एक आजी," मी म्हणालो.

आई चार हातांवर उभी होती. तिनं ऐकलं. बावन्न वर्षांची बाई, माझं लग्नही व्हायचं होतं, आजी कुठली! ती आत गेली, चहा केला, सगळ्यांना दिला आणि माझ्यापुढे कप धरून म्हणाली, "घ्या साहेब."

संध्याकाळी मी घरी गेलो तो शिव्या खायच्या तयारीनं. खरं सांगतो, तिनं एक थोबाडीत ठेवून दिली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. ती बटाटे सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शाळेत कोणता विषय शिकवते रे मी?" कुणीतरी ओझीवाल्यानं वाटेतच बातमी पोचवली होती. मी म्हणालो, "गणित." "अरे देवा," ती म्हणाली, "भूगोल तरी सांगायचास. तो येतो मला थोडा." आणि हसली. मीही हसलो. तिचं ते हसणं मी माफी समजलो, कारण तसं समजणं सोयीचं होतं.

ऑफिसला फोटो फार आवडले. पुढच्या हंगामापासून तेच घर कार्यक्रमात पक्कं झालं. गावानं तोंड उघडलं नाही, कारण गावातली निम्मी माणसं माझ्याच ग्रुपांची ओझी वाहतात. एकदा सुरू झालेलं खोटं बंद करायलाही धाडस लागतं. ते माझ्यात बर्फावर आहे, घरात नाही.

आणि घर तरी कुठे पारंपरिक राहिलंय? दहा वर्षांपूर्वी मीच गॅस आणला, मीच टीव्ही आणला. मग ग्रुप यायच्या दिवशी सकाळी टीव्हीवर घोंगडी, सिलिंडर मागच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी आणि विझलेली चूल पुन्हा पेटवायची. तीही ओल्या लाकडांनी. खिडकीतून ऊन तिरपं येतं, त्यात धूर छान दिसतो, फोटो सुरेख निघतात. हे ऑफिसनं सांगितलेलं नाही बरं का. ही अक्कल माझी.

तीन वर्षांपूर्वी आईला खोकला लागला. खालच्या डॉक्टरनं बजावलं, धुरापासून लांब ठेवा. मी घरी येऊन म्हणालो, "चूल बंद करू." ती म्हणाली, "अरे, वर्षातून दहा-बारा वेळा, एका तासाचा तर प्रश्न. चूल नसेल तर लोक बघायला काय येतील, मला?" तिनं म्हटलं आणि मी ऐकलं. एरवी तिचं कधी ऐकतो हो मी? माझी बायको मुलीच्या शाळेसाठी खाली शहरात राहते. ती मला एकदाच म्हणाली, "जनाची नाही, निदान मनाची तरी असू द्या." मी भरल्या ताटावरून उठून गेलो. खरं बोलणाऱ्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा शत्रूचाही येत नाही.

माझ्या खिशात कायम एक चिमटा असतो. बोटाला लावला की रक्तात ऑक्सिजन किती ते दाखवतो. रोज सकाळ-संध्याकाळ मी तो एकेका पाहुण्याच्या बोटाला लावतो, आकडा वहीत लिहितो. आईच्या बोटाला कधी लावला नाही. लावला असता तर आकडा दिसला असता, आणि दिसला असता तर काहीतरी करावं लागलं असतं.

ह्या हंगामाच्या शेवटच्या ग्रुपात दहा जण होते. त्यात एकोणसाठ वर्षांच्या एक बाई, मोठ्या हॉस्पिटलातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. दोन वर्षं रोज पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून त्यांनी आपल्या इमारतीचे अकरा मजले चढून तयारी केली होती. "लिफ्टमधली माणसं मला वेडी समजायची," त्या सांगायच्या. "पण जन्मभर लोकांच्या उशाशी उभी राहिले, आता एकदा उंचावर उभं राहायचंय. बस, तेवढंच." चालायला अशा की पोरं मागे पडावीत. ग्रुपमधला सगळ्यात चांगला आकडाही त्यांचाच.

चौथ्या दिवशी तीनच्या ठोक्याला आम्ही घरात शिरलो. चूल पेटलेली, धूर झकास. आई टकळी घेऊन बसलेली. धागा तुटला, आई हसली, फोटो निघाले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. खोकला तेवढा ठरलेला नव्हता. सुरू झाला तो थांबेचना. सिस्टर कप खाली ठेवून तिच्याजवळ सरकल्या.

"आजी, किती दिवस आहे हा?"

"हा होय? हा जुना पाहुणा," आई धापा टाकत म्हणाली. "येतो, बसतो, जातो."

"जायचं लक्षण दिसत नाही त्याचं." सिस्टरनी माझ्यापुढे हात केला. "तो चिमटा द्या जरा."

मी खिसे चाचपायचं नाटक केलं. "तंबूत राहिला वाटतं."

"डाव्या खिशात आहे. सकाळी माझ्यासमोर ठेवलात."

दिला, काय करतो! त्यांनी तो आईच्या बोटाला लावला. बाकीचे गंमत म्हणून वाकून बघायला लागले. आकडा आला अडुसष्ट. सिस्टरनी आईचा हात चोळून गरम केला, दुसऱ्या बोटाला लावला. सदुसष्ट. कुणीतरी म्हणालं, यंत्र बिघडलंय. सिस्टरनी स्वतःच्या बोटाला लावून दाखवला, नव्वद. त्यांनी आईची नखं उजेडात धरून बघितली, घोट्याजवळ अंगठ्यानं दाबून बघितलं. दाबलेली जागा तशीच राहिली, भरून येईना.

आमच्या मोहिमेचा एक नियम आहे. मीच पहिल्या दिवशी मोठ्या आवाजात वाचून दाखवतो. आकडा पंचाहत्तरच्या खाली गेला आणि तासाभरात सुधारला नाही तर त्या माणसाला खाली न्यायचं. त्याची परवानगी घेत बसायचं नाही. मग तो कुणी का असेना.

"इथल्या लोकांचं असंच असतं," मी म्हणालो. "जन्म गेलाय ह्यांचा उंचीवर. अंगवळणी पडलेलं असतं."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पस्तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. अंगवळणी पडून नखं निळी होत नाहीत. ह्यांना उद्याच्या उद्या खाली न्यायला हवं. घरात कोण आहे ह्यांचं?"

दारात मोहिमेचा आचारी बिस्किटांचा डबा घेऊन उभा होता. त्याला सगळे तिखट्या म्हणतात, स्वयंपाकामुळे नव्हे, जिभेमुळे. तो माझा मावसभाऊ, म्हणजे माझी आई त्याची सख्खी मावशी. तो माझ्याकडे असा बघत होता की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"एक मुलगा आहे," शेवटी मी म्हणालो. "शहरात असतो. निरोप पाठवू त्याला."

हे मी म्हणालो. आईच्या समोर, आमच्याच घरात, माझ्या बापानं रचलेल्या भिंतीला टेकून उभा राहून.

आणि आई लगेच मदतीला धावली, ती माझ्या. "मोठ्या कामावर आहे हो तो. माणसं सांभाळायची असतात त्याला. सारखं येता येत नाही."

"आई इकडे अशी, आणि हा तिकडे माणसं सांभाळतोय?" सिस्टर कडाडल्या. "असला मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा! काय हो गाईड, खोटं बोलतेय का मी?"

"नाही," मी म्हणालो. "खरंय तुमचं."

अंधार पडायच्या आत मी स्वयंपाकाच्या तंबूत गेलो. तिखट्या भांडी आदळत होता.

"आता तरी बोल," तो म्हणाला.

"नऊ-दहा माणसं माझ्या जिवावर आलीत रे."

"दुसरा गाईड आहे की. तीनदा शिखर केलंय त्यानं. तुझ्यावाचून कुणाचं अडलेलं नाही."

"ऑफिस काय म्हणेल?"

"ऑफिसच्या नावानं गळा काढू नकोस! उद्या मावशी गेली तर काय सांगशील लोकांना? गावातली एक आजी गेली?"

मी त्याला म्हणालो, तोंड सांभाळ. तो म्हणाला, "मी तोंड सांभाळतोय म्हणून तर तू अजून साहेब आहेस." आणि माझ्या हातातलं ताट काढून घेऊन मला न वाढताच बाहेर निघून गेला. मला रागही आला नाही. येण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकायचं असं मी ठरवलं. वाक्यही मनात जुळवलं. पण माझ्या आधी सिस्टरच उठून उभ्या राहिल्या. "मी उद्या त्या आजींना घेऊन खाली जातेय. माझ्यासाठी थांबू नका." एकच गलका झाला. कुणी म्हणालं वेडेपणा करू नका, कुणी म्हणालं निदान बेस कॅम्प तरी बघा. त्या म्हणाल्या, "माझा आकडा नव्वद आहे, माझी काळजी करू नका," आणि बाहेर पडल्या. मी मागोमाग गेलो.

"सिस्टर, दोन वर्षं घाम गाळलात तुम्ही. पुन्हा हा योग येईल न येईल. हे तुमचं काम नाही हो."

"मग कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो, साधा प्रश्न होता. त्या उत्तरासाठी थांबल्या. खरंच थांबल्या, माझ्या तोंडाकडे बघत. आणि मी, अठरा वर्षं लोकांना 'लपवू नका' म्हणून सांगणारा मी, म्हणालो, "खेचराची व्यवस्था करतो."

सकाळी आईला खेचरावर बसवलं. आयुष्यभर पाठीवर ओझी वाहिलेली बाई, खेचरावर बसायची तिला लाज वाटत होती. पट्टा मीच आवळला. ती वरून म्हणाली, "येते साहेब. लोकांना घाई करू नका." मग सिस्टर पुढे गेल्या तशी वाकून हळू आवाजात, "टीव्हीवरची घोंगडी काढ. उंदीर घर करतात." वळणापर्यंत मला तिची पाठ दिसत होती. खोकला मात्र वळणानंतरही बराच वेळ ऐकू येत राहिला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. नव्हतीच. बेस कॅम्पवर तिसऱ्या दिवशी ऑफिसचा निरोप आला. तुमच्या ग्रुपमधल्या बाईंनी गावातल्या आजीला हॉस्पिटलात दाखल केलंय, प्रकृती गंभीर, मुलाचा पत्ता असल्यास कळवा. मी वायरलेस हातात धरून उभा होतो. तिखट्या समोर स्टोव्हला पंप मारत होता, त्याचा हात थांबला. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "शोधतोय." खाली शहरात बायको होती, तिलाही कळवलं नाही.

मग मी वर गेलो. पहिल्या कॅम्पपर्यंत चढून खाली, दुसऱ्यापर्यंत चढून खाली, रक्ताला सवय लावत, पुस्तकात लिहिल्यासारखं. नवव्या दिवशी शिखरावर पोचलो. हवा स्वच्छ होती, एकालाही काही झालं नाही. माझी आत्तापर्यंतची सगळ्यात चोख मोहीम, हे मी लाजेनं सांगतोय. वर सगळे गळ्यात पडून रडले. एका इंजिनिअरनं जॅकेटमधून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आपल्या आईचा फोटो काढला, छातीशी धरला आणि मला म्हणाला, "साहेब, माझा आईबरोबर एक काढा ना." मी काढला. पहिले दोन हलले, तिसरा बरा आला.

खाली उतरल्यावर ग्रुपला हॉटेलात सोडलं आणि तसाच हॉस्पिटलात गेलो. अंगावर तेच जॅकेट, छातीवर बिल्ला, तोंडाची कातडी उन्हानं सोललेली. आई दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात होती, खिडकीशेजारच्या खाटेवर. जिवंत होती. नाकात नळी, अंग निम्मं झालेलं. सिस्टर तिच्या मागे बसून तिचे केस विंचरत होत्या. दोन आठवडे होत आले होते, बाई घरीच गेल्या नव्हत्या.

मला बघून आईचा चेहरा फुलला. क्षणभरच. लगेच तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "या साहेब. माणसं सुखरूप आली का सगळी?"

"आली," मी म्हणालो.

"बरं झालं आलात," सिस्टर म्हणाल्या. "वाचल्या ह्या, पण थोडक्यात. फुप्फुसं धुरानं कामातून गेलीत. आता ह्यांना वर गावी कधीच जाता येणार नाही. घरीही ऑक्सिजन लागणार, कायमचा. दोन दिवसांत सोडतील, पण सोडणार कुणाच्या ताब्यात? कागदावर नातेवाईक म्हणून मी माझंच नाव घातलंय. मुलाचा नंबर विचारला की म्हणतात, त्याला त्रास नको, त्याचं काम जोखमीचं आहे. तुमचं ऑफिस शोधतच बसलंय. तुम्ही अठरा वर्षं त्या गावात जाताय ना? तुम्ही ओळखत असाल त्याला."

"ओळखतो," मी म्हणालो. "सिस्टर, तो मीच."

"म्हणजे?"

"ही माझी आई आहे."

कंगवा केसांत तसाच राहिला. मला वाटलं आता बाई मारतील, आणि त्यांनी मारावं असं मनापासून वाटत होतं. त्या माझ्या बिल्ल्याकडे, माझ्या सोललेल्या तोंडाकडे, मग आईच्या कपाळाकडे बघत राहिल्या. त्यांचा विश्वास बसला नाही. कसा बसावा? हा माणूस ह्या बाईच्या घरात त्यांच्यासमोर उभा होता, बोटावरचा आकडा बघून 'असंच असतं' म्हणाला होता. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली वाकून विचारलं, "आजी, हे म्हणतात ते खरं आहे का? हा तुमचा मुलगा?"

पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली होती. औषधांची गाडी ढकलणारी मावशी थांबली होती. सगळे आईच्या तोंडाकडे बघत होते. आई कुणाकडेच बघत नव्हती, ती फक्त माझ्याकडे बघत होती. तिनं नाकातली नळी बोटानं नीट केली, श्वास गोळा केला आणि मला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं,

"हो म्हणू का?"